डोंगर उतरून पबात

'पब' हा शब्द आपल्या घरांत अजून हळू आवाजातच उच्चारला जातो. बेळगाव असो, निपाणी असो की धारवाड-हुबळी, बार म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो दारावरचा अर्धा पडदा, आतला लाल-निळा उजेड आणि वरच्या मजल्यावरची ती 'फॅमिली रूम'. त्यामुळे "आम्ही डोंगर चढलो आणि शेवटी पबात जाऊन बसलो" असं मी लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या शाळेतल्या निवृत्त भगिनी चष्मा पुसून हे वाक्य पुन्हा वाचतील, याची मला खात्री आहे. वाचा, खुशाल वाचा. साठी ओलांडलेल्या बाईनं आता लपवायचं तरी काय?

२०१९ च्या जूनमध्ये मी लेकीकडे शेफील्डला होते. उत्तर इंग्लंडमधलं हे पोलादाचं शहर, सुऱ्या-कात्र्यांसाठी जगभर नावाजलेलं. शहर संपतं न संपतं तोच पश्चिमेला पीक डिस्ट्रिक्टचे डोंगर सुरू होतात. लेकीच्या ओळखीतली काही मंडळी महिन्यातल्या एका शनिवारी डोंगर चालायला जातात. त्या शनिवारी आम्ही नऊजण होतो. लेक आणि जावई, सांगलीकडचं एक तरुण जोडपं, जावयांच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक इंग्रज आजोबा आणि त्यांच्या सौ., मी, आणि धारवाडच्या अक्का व त्यांचा मुलगा. अक्का माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या. माहेर खानापूरचं, सासर धारवाडचं, त्यामुळे एका वाक्यात दोन्ही भाषा. मला त्या 'बाई' म्हणतात, कारण मी शिक्षिका. पुढं जे लिहिते आहे ते त्यांना विचारूनच लिहिते आहे. "बरीरि बाई, हेसर मात्र हाकब्याड्री," असं त्या म्हणाल्या. नाव घालत नाही.

शेफील्डहून मँचेस्टरच्या बाजूला जाणाऱ्या गाडीनं अर्ध्या तासात आम्ही 'होप' नावाच्या स्टेशनावर उतरलो. म्हणजे आशा! तिथून दोन टेकड्या समोरासमोर दिसतात. एकीचं नाव विन हिल, दुसरीचं लूज हिल. एक जिंकलेली, एक हरलेली. सातव्या शतकात इथं दोन राजांची लढाई झाली आणि त्यावरून नावं पडली, असं गावकरी सांगतात. इतिहासात त्याला आधार नाही, पण गोष्ट चांगली आहे. आम्ही चढलो ती हरलेली. उंची ४७६ मीटर. लेकीनं ही उंची कौतुकानं सांगितली तेव्हा मला हसू आलं. आपलं बेळगावच समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे की! आपण घरात बसल्या बसल्या त्यांच्या शिखरांपेक्षा उंच असतो. पण तिथल्या वाऱ्यानं तासाभरात माझा गर्व उतरवला. जून महिना, आणि मी कानाला मफलर गुंडाळलेला.

पायथ्याशी एका खांबावर लाकडी पाटी होती, 'पब्लिक फूटपाथ'. पाटी एका शेतकऱ्याच्या कुरणात बोट दाखवत होती. आत मेंढ्या चरत होत्या. अक्का थबकल्या. "एनंत बरदाद?" त्यांनी मुलाला विचारलं. "सार्वजनिक कालुदारी, अव्वा," तो म्हणाला. "अय्य, दुसऱ्याच्या शेतात?" अक्का म्हणाल्या. आपल्या मनात हेच येणार. दुसऱ्याच्या शेतात शिरलं की कुत्रं येतं, नाहीतर मालक येतो.

इंग्लंडमधला हा प्रकार मला फार आवडला, म्हणून जरा सविस्तर सांगते. जमीन खासगी, पीक खासगी, मेंढ्या खासगी, पण त्यातून जाणारी जुनी पायवाट मात्र सगळ्यांची. ती सरकारी नकाशावर नोंदलेली असते. मालकाला ती नांगरून कायमची मिटवता येत नाही, कुंपण घालून अडवता येत नाही. कुंपण असेल तर ओलांडायला लाकडी पायऱ्या ठेवायच्या, नाहीतर फाटक. चालणाऱ्यानं फाटक पुन्हा लावून घ्यायचं, कुत्र्याला साखळी घालायची आणि वाट सोडून भटकायचं नाही. आमचे इंग्रज आजोबा प्रत्येक फाटकापाशी थांबून शेवटचा माणूस येईपर्यंत ते धरून ठेवत आणि मग कडी लागली का ते हलवून बघत. मला आमच्या शाळेचा शिपाई आठवला.

हे हक्क त्यांना कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत. कड्यावरून चालताना उजव्या हाताला, एडेलच्या दरीपलीकडे, एक लांबच लांब काळपट पठार दिसत राहतं. त्याचं नाव किंडर स्काउट. उंची ६३६ मीटर. या भागातलं सगळ्यात उंच. एकेकाळी तिथं जमीनदारांचे पक्षी मारायचे शिकारखाने होते आणि पहारेकरी काठ्या घेऊन उभे असत. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्यांत आठवडाभर धूर खाणाऱ्या कामगारांना रविवारी मोकळी हवा हवी होती, आणि हवा होती जमीनदाराच्या डोंगरावर. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण पोरं-पोरी ठरवून, गाणी म्हणत त्या पठारावर चढली. पुढारी होता बेनी रॉथमन, वय अवघं वीस. पहारेकऱ्यांशी झटापट झाली, सहाजणांना पकडलं, पाचजणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकणं हा तेव्हाही तुरुंगात घालण्याजोगा गुन्हा नव्हता, म्हणून दंगा-मारामारीची कलमं लावली. आपल्याकडं त्याच वर्षी सविनय कायदेभंगात माणसं तुरुंगात जात होती. त्या शिक्षेनं उलटंच झालं, लोक चिडले. १९४९ साली कायदा झाला, १९५१ साली पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं आणि २००० सालच्या कायद्यानं माळ-डोंगरांवर मोकळेपणी फिरायचा हक्क मिळाला. २००२ मध्ये, घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, त्या जमीनदार घराण्यातल्या ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे सगळं आजोबांनी कड्यावर बसून, सँडविच खात सांगितलं. मी लेकीकडून भाषांतर करून घेत नव्हते बरं का, इंग्रजी मीच शिकवत होते!

आपल्याकडं काय आहे? राजहंसगडाला नाहीतर वैजनाथाच्या डोंगरावर लहानपणी ज्या वाटांनी गेलो, त्या आता शोधून बघा. जिथं पायवाट होती तिथं सिमेंटचे खांब, काटेरी तार आणि 'या जागेत प्रवेश करू नये' ही पाटी, कन्नडमध्येही आणि मराठीतही. यापुरती तरी दोन्ही भाषांना सारखी वागणूक मिळते!

असो. हॉलिन्स क्रॉस नावाच्या खिंडीत चार वाटा येऊन मिळतात. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं, तेव्हा तिथली माणसं मयत खांद्यावर घेऊन हीच खिंड ओलांडत असत. सतराव्या शतकात गावात चर्च झालं आणि ते थांबलं. पुढं पलीकडच्या गावातले गिरणी कामगार रोज हाच डोंगर चढून-उतरून कामाला येत. खिंडीच्या पुढं मॅम टॉर. उंची ५१७ मीटर. नावाचा अर्थ 'आई-डोंगर' असा सांगतात. त्याची एक कड सारखी ढासळत असते आणि खाली नव्या टेकड्या तयार होतात, म्हणून आई. पायथ्याचा मोठा रस्ता या ढासळण्यापायी इतका उखडला, की १९७९ साली तो कायमचा बंद करावा लागला. हे ऐकल्यावर अक्कांनी शिखरावरच्या दगडी खांबाला हात लावून नमस्कार केला. "नम्म यल्लम्मन गुड्डदंग," त्या म्हणाल्या. सौंदत्तीच्या डोंगरावर आपल्याकडचे मराठी-कन्नड दोघंही जातात, तेव्हा हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या शिखरावरून परत खिंडीकडं येताना अक्कांचा मुलगा माझ्या बरोबरीनं चालू लागला. जरा वेळ हवामानावर बोलला. मग म्हणाला, "काकू, अव्वाला आज एक सांगायचंय. मी घेतो थोडी. महिन्यातून दोन-तीनदा, चालून आल्यावर, अर्धा पाइंट बियर. चार वर्षं झाली."

यात काय एवढं, असं पुण्या-मुंबईच्या वाचकाला वाटेल. पण अक्कांचे यजमान दारूनं गेले. चांगली सरकारी नोकरी, हुशार माणूस, आणि शेवटची दहा वर्षं घरात रोजचा तमाशा. ते गेले तेव्हा हा मुलगा सतरा वर्षांचा होता. दिवसकार्य झालं त्या संध्याकाळी अक्कांनी त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि आण घातली. त्यानं ती दिली. शिकला, नोकरीला लागला, इकडं आला. आणि आता आईच्या डोक्यावरचा तो हात त्याला जड झाला होता.

"मला कशाला सांगतोस?" मी म्हणाले. "तिला सांग. आणि पबच्या दारात नको, इथंच सांग, मोकळ्या हवेत." खिंडीतून एडेलकडं उतरताना ते दोघं मागं राहिले. आम्ही मुद्दाम वळून बघितलं नाही. पाऊण तासानं खाली गावात अक्का आल्या तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या बंद घरासारखा होता.

एडेल हे अगदी छोटं गाव. चर्चच्या पुढं, गाव संपतं तिथं, 'ओल्ड नॅग्ज हेड' हा जुना पब. इमारत १५७७ सालची. इथूनच पेनाइन वे ही प्रसिद्ध पायवाट सुरू होते. १९६५ साली ती खुली झाली. लांबी २६८ मैल, म्हणजे ४३१ किलोमीटर. ती संपते पार स्कॉटलंडच्या हद्दीत, आणि तिथंही शेवटी काय, तर पबच! त्याचं नाव 'बॉर्डर हॉटेल'. आपण सीमाभागातले लोक, हे नाव ऐकून मला परक्या देशात सोयरा भेटल्यासारखं वाटलं.

पब म्हणजे 'पब्लिक हाउस'. पायवाटेच्या पाटीवर जो 'पब्लिक' होता, तोच हा. सार्वजनिक घर. मुळात ते घरच असे. गावातली एखादी बाई घरी जवाची बियर करायची, तयार झाली की दारावर काठी लावायची, आणि लोक तिच्या ओसरीवर येऊन बसायचे. कॅम्पातले इंग्रज आपल्याकडं क्लब ठेवून गेले. क्लबला मेंबर लागतो, शिफारस लागते. पब त्यांनी आपल्याकडं आणलाच नाही. आत गेलं तर वेटर येत नाही. स्वतः काउंटरवर जायचं, मागायचं, तिथंच पैसे द्यायचे. बरोबरची मंडळी असतील तर एकजण सगळ्यांचं आणतो, पुढच्या वेळी दुसरा. त्याला 'राउंड' म्हणतात, आणि आपली पाळी चुकवणाऱ्याला गाव विसरत नाही. चिखलाचे बूट चालतात, कुत्री चालतात, मोठ्यांबरोबर मुलं चालतात. चहा मिळतो. बटाट्याच्या फोडी तळलेल्या आणि वाटाण्याचा लगदा, हा त्यांचा थाट. आपल्या उसळीची आठवण येऊन जीव कळवळतो, पण बारा किलोमीटर चालल्यावर तोही गोड लागतो.

हे पब आता भराभर बंद पडताहेत. महागाई, घरी बसून पिणं, गावातली तरुण मंडळी शहरात. काही गावांनी मात्र वर्गणी काढून आपला पब विकत घेतला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं २००३ मध्ये 'ओल्ड क्राउन' असा सहकारी तत्त्वावर घेतला. तो ब्रिटनमधला पहिला सहकारी पब म्हणतात. आपल्याला सहकार नवा नाही, गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ सालीच संस्था निघाली. पण पबाची सोसायटी? आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत हा विषय मांडून बघावा म्हणते!

विनोद बाजूला ठेवते, कारण अक्का आत आल्याच नाहीत. "अव्वा, ओळग बा," मुलगा म्हणाला. "नी होगप्पा. ना इल्ले कुंडर्तेनि." आणि त्या बाहेरच्या लाकडी बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं इंग्रज आजी चहाचे तीन कप ट्रेमधून घेऊन आल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण बायकांना सांगावं लागत नाही. चहा पिता पिता त्या म्हणाल्या, की त्यांचे वडील शेफील्डच्या पोलादाच्या कारखान्यात होते. शुक्रवारी पगार व्हायचा. आई या सात वर्षांच्या मुलीला पबच्या दारात उभी करायची. आत जायचं नाही, नुसतं दिसेल असं उभं राहायचं, म्हणजे वडील लाजेनं पाकीट बाहेर आणून देतील. "कधी द्यायचे, कधी नाही." मी हे अक्कांना कन्नडमध्ये सांगितलं. अक्का आजींच्या तोंडाकडं बघतच राहिल्या. मग इतकंच म्हणाल्या, "इल्लू हंग एनु?" इथंही तसंच काय?

इथंही तसंच. शेफील्डपासून फार लांब नसलेल्या प्रेस्टन गावात १८३२ साली सातजणांनी दारूला स्पर्श न करण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या आणि त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. पूर्ण वर्ज्य करणाऱ्यासाठी इंग्रजीत जो 'टीटोटलर' शब्द आहे, तो त्याच गावचा. आपल्या आणेचीच ती सही. कर्नाटकात सारायी बंद झाली १ जुलै २००७ ला, आणि इंग्लंडच्या पबांमधली सिगारेट बंद झाली तीही १ जुलै २००७ लाच. बायकांचे नवस दोन्हीकडं एकाच दिवशी फळले म्हणायचे!

मुलगा दोन ग्लास घेऊन बाहेर आला. एक आईपुढं ठेवला. "जिंजर बियर, अव्वा." नाव बियर, असतं मात्र आल्याचं सरबत. अक्कांनी ग्लास उचलला आणि प्यायच्या आधी नाकाशी नेला. वीस वर्षांची सवय ती. मग त्याचा ग्लास ओढून घेतला आणि त्याचाही वास घेतला. तोही आल्याचाच होता.

"इवत्तु नन्न मुंद ब्याड अंत?" त्यांनी विचारलं. आज माझ्यासमोर नको म्हणून? तो काही बोलला नाही. "अर्धा म्हणजे केवढा, ते दाखव." तो आत जाऊन रिकामा ग्लास घेऊन आला. अर्धा पाइंट म्हणजे २८४ मिलिलिटर, आपल्या स्टीलच्या पेल्यापेक्षा थोडा मोठा. अक्कांनी तो हातात फिरवून बघितला. "अप्पांचाही पहिला एवढाच होता," त्या म्हणाल्या, मराठीत, म्हणजे मलाही ऐकवायचं होतं. यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मग पावसानंच निकाल लावला. चांगली सर आली. आजींनी अक्कांची पिशवी एका हातात, दंड दुसऱ्या हातात धरला आणि सरळ आत नेलं. आत लाकडाची शेकोटी, तिच्यापुढं एक ओलं कुत्रं पसरलेलं. एका टेबलावर आई-बापांमध्ये बसून एक छोटी रंगीत खडूंनी चित्र काढत होती. कोपऱ्यात एक म्हातारे एकच ग्लास समोर ठेवून वर्तमानपत्राचं कोडं सोडवत होते. आम्ही तासभर होतो, तो ग्लास संपला नाही. मी हे सगळं अक्कांना दाखवत होते. पण अक्कांची नजर खिळली होती ती काउंटरपाशी उभ्या असलेल्या एका तिशीच्या माणसावर. त्याचा चौथा ग्लास चालला होता, आवाज चढला होता आणि त्याच्याबरोबरची मुलगी वरचेवर घड्याळ बघत होती. एवढ्या मोठ्या खोलीत त्यांना बरोबर तोच दिसला.

परतीच्या गाडीत माय-लेक समोरासमोर बसले होते. गर्दी नाही, बाहेर ओल्या मेंढ्या. मुलगा झोपी गेला तेव्हा अक्का माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "बाई, हे कधी सांगून प्याले नाहीत. ह्यानं सांगितलं. मी काय करू? रागवू की बरं वाटून घेऊ?" मी म्हणाले, दोन्ही करा. त्या म्हणाल्या, "आण मोडली ती मोडली. आता नवी घालणार नाही. घातली की परत लपवायला लागेल."

आणेच्या जागी त्यांनी आपली एक पद्धत सुरू केली. डोंगर उतरून मंडळी पबात बसतात तेव्हा तिकडं दुपारचे चार वाजतात, इकडं रात्रीचे साडेआठ-साडेनऊ. त्या वेळी धारवाडहून फोन जातो. "एष्टु?" एवढाच प्रश्न. तिकडून कधी "अर्ध, अव्वा," असं उत्तर येतं, तर कधी "इवत्तु जिंजर." या गोष्टीला आता काही वर्षं झाली, फोन चुकलेला नाही.

फोन झाला की त्या कधी कधी मला करतात. "बाई, खरं सांगत असेल का?" मी काय सांगणार? मी विचारते, आवाज कसा वाटला? "आवाज सरळ होता," त्या म्हणतात, आणि मग आम्ही बेळगाव-धारवाडच्या पावसावर येतो.